'साभार परत' न आलेली चित्रे

आमच्या वरणगावच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात माझ्या मामाची सत्तेचाळीस व्यंगचित्रे आहेत. मामा येथील फॅक्टरीत नोकरीला होता आणि 1978 पासून दहाएक वर्षे तो दिवाळी अंकांना चित्रे पाठवीत असे. मोठ्या पाकिटात चित्र, चित्र दुमडू नये म्हणून मागे पुठ्ठा, आणि सोबत परतीचे तिकीट लावून स्वतःचा पत्ता लिहिलेले दुसरे पाकीट, असा सगळा सरंजाम असे. जे चित्र नापसंत होई ते त्या दुसऱ्या पाकिटातून 'साभार परत' येई. जे पसंत पडे ते छापले जाई. मग कधी मानधनाची मनिऑर्डर येई, कधी नुसताच अंक येई. चित्र मात्र परत येत नसे.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत ही पेटी उघडून चित्रे पाहणे हा माझा आवडता उद्योग होता. एक गोष्ट मात्र कॉलेजात आल्यावर ध्यानात आली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. मामाची जी चित्रे आमच्या घरी आहेत, ती सर्वच्या सर्व नापसंत ठरलेली आहेत. जी चांगली होती, ज्यांना पाहून अनोळखी माणसे हसली, त्यांपैकी एकही आमच्यापाशी नाही.

असे का झाले, आणि आज कुणाला व्यंगचित्राचा किंवा चित्रकथेचा मूळ कागद जवळ बाळगावासा वाटला तर तो कसा मिळवावा, हा या लेखाचा विषय. 'मूळ चित्र कशाला हवे, छापलेले आहे ना?' असे कुणी म्हणेल. मीही तेच म्हणत असे.

प्रथम ती चित्रे गेली कुठे ते पाहू. त्या काळी बहुतेक छपाई खिळ्यांची. अक्षरे जुळवता येत, चित्र जुळवता येत नसे; त्याचा ब्लॉक करावा लागे. चित्र मोठ्या कॅमेऱ्यापुढे ठेवून हव्या त्या आकाराची निगेटिव्ह काढायची, प्रकाशाने पालटणारे रसायन लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर ती उमटवायची, मग पत्रा तेजाबात सोडायचा. रेषा नसलेला भाग खाल्ला जाऊन खाली बसे आणि रेषा तेवढ्या उंच राहत. हा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की झाला ब्लॉक. अशा लाइन ब्लॉकमध्ये काळे आणि पांढरे एवढेच उमटते, करडी छटा उमटत नाही. म्हणून तर जुन्या व्यंगचित्रांत सावली दाखवायला बारीक रेघांची जाळी किंवा ठिपके दिसतात. ती हौस नव्हती, तेजाबाची अट होती. मामा कच्चे रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीने करी, कारण तो निळा रंग कॅमेऱ्याला दिसत नाही आणि खोडण्याचे श्रम वाचतात. त्याच्या पेटीतल्या कागदांवर त्या निळ्या रेषा अजून आहेत.

ब्लॉक तयार झाला की कागदाचे काम संपले. गंमत अशी, की ब्लॉक जपून ठेवीत, कारण तो पुन्हा वापरता येई आणि जस्ताला मोडीतही भाव असतो. कागदाला रद्दीचा भाव. कुणी मुद्दाम फेकले असे नव्हे. दिवाळीची घाई, लहान कचेऱ्या, अपुरी कपाटे. पण छापायला चित्र देणे आणि कागदच देऊन टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ना संपादकाच्या मनात येई ना मामाच्या. 'छापून आलं ना, मग बस,' असे तो आजही म्हणतो.

ज्यांची नावे घराघरांत पोचली अशा चित्रकारांनी मात्र ही समजूत थोडी पालटली. शि. द. फडणीस यांनी 1965 साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत 'हसरी गॅलरी' हे प्रदर्शन भरविले आणि पुढे ते गावोगावी नेले. व्यंगचित्र ही पान उलटताना क्षणभर पाहायची वस्तू नसून भिंतीसमोर उभे राहून निरखायची वस्तू आहे, हे पुष्कळांना तेव्हा प्रथम कळले असावे. वसंत सरवटे यांचे उदाहरण मला आणखी जवळचे वाटते, कारण तेही मामासारखे नोकरदार. पेशाने स्थापत्य अभियंते, सिमेंट कंपनीत नोकरी. आणि ती सांभाळून 'ललित' मासिकातला तो भला थोरला हातोडा घेतलेला 'ठणठणपाळ' त्यांनी रेखाटला. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आजही ठणठणपाळ म्हटले की जयवंत दळवींचा चेहरा येत नाही, सरवट्यांची रेषा येते.

आता आजच्याकडे वळतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे स्वतंत्र चित्रकथाकारांचे लहान लहान मेळे भरू लागले आहेत. मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोलकाता अशा शहरांत 'इंडी कॉमिक्स फेस्ट' या नावाने एक दिवसाचा मेळा भरतो. येथे प्रकाशक नसतो. ज्याने चित्रे काढली, त्यानेच ती छापून, दुमडून, मध्ये पिना मारून पुस्तिका केलेली असते आणि टेबलामागेही तोच बसलेला असतो. मराठीच्या प्राध्यापकांना हे सांगताना मला संकोच वाटू नये, कारण आपल्या अनियतकालिकांची कुळकथा याहून निराळी नाही. 'शब्द', 'असो', 'वाचा' ही नावे आपण अभ्यासक्रमात वाचतो. त्यांपैकी 'वाचा'चे संपादक भालचंद्र नेमाडे हे तर आपल्या शेजारच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. पदरमोड करून थोड्या प्रती काढायच्या आणि हातोहात पोचवायच्या, ही रीत आपल्याला ठाऊक होतीच. फक्त ती कवितेपुरती होती. जपानात हीच रीत चित्रकथेला लागली. तोक्योत डिसेंबर 1975 मध्ये 'कॉमिकेट' नावाचा असा मेळा प्रथम भरला, तेव्हा जेमतेम 32 मंडळे आणि काहीशे माणसे जमली होती. पुढे तिथे लाखांनी गर्दी लोटू लागली.

मुंबईच्या एका मेळ्याला मी मागच्या वर्षी गेलो. वरणगावहून भुसावळ, भुसावळहून रात्रीची गाडी, खिशात परतीचे तिकीट आणि नऊशे रुपये. सभागृहात ओळीने टेबले, त्यांवर पुस्तिका, बिल्ले, पोस्टकार्डे. बहुतेकांच्या टेबलावर एका कडेला प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे एक फोल्डर असे आणि त्यावर कुणी फारसे बोलत नसे. एका टेबलापाशी मी थबकलो. एस. टी. स्टँडवरची माणसे हा त्या पुस्तिकेचा विषय होता. टेबलामागे माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी एक मुलगी बसली होती. मी फोल्डर चाळले आणि विचारले, "ताई, हे छापलेलं आहे की खरं?"

ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने पान माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "उजेडात तिरकं धरून बघ."

तिरके धरल्यावर दिसले ते असे. काळी शाई जिथे दाट होती तिथे तिला किंचित चकाकी होती. आजीच्या लुगड्याच्या काठावर पांढऱ्या रंगाचा एक थर होता. बोटाला जाणवेल इतका उंच. तिथे आधी रेषा चुकली होती आणि ती पांढऱ्याने झाकून वरून पुन्हा काढली होती. खोडलेल्या पेन्सिलीचा चर होता. छापील पुस्तिकेत याच चित्राच्या जागी काठ अगदी बिनचूक दिसत होता. पुस्तिकेत आजी बसलेली होती. मूळ कागदावर ती आधी उभी होती आणि मग तिला बसविले होते, हे त्या पांढऱ्या थराखाली दिसत होते. चित्रकाराचा विचार कुठे बदलला ते छापील प्रतीत कधीच कळत नाही. मामाच्या पेटीतल्या कागदांवरही असे थर आहेत. मी ते डाग समजत होतो.

ओळखण्याची आणखी एक खूण तिने सांगितली. भिंगातून पाहिले तर छापील करड्या रंगाचे ठिपके सुटे दिसतात, हाताने केलेली करडी छटा सलग दिसते. मागची बाजूही पाहावी. निबचा दाब किंवा शाईचा पाझर तिथे कळतो. हल्ली अनेक चित्रकार थेट पडद्यावर काढतात, तेव्हा मूळ कागद मुळी नसतोच. असे चित्रकार मोजक्या सहीच्या प्रती विकतात. त्याही घ्याव्यात, आनंदाने घ्याव्यात. पण ती प्रत आहे हे समजून घ्याव्यात. प्रामाणिक चित्रकार विचारल्यावर तसे सांगतोच.

त्या पूर्ण पानाची किंमत बाराशे होती. मी आमच्या आठवडे बाजाराच्या सवयीने म्हणालो, "सातशेला द्या." ती शांतपणे म्हणाली, "हे पान करायला मला चार दिवस लागले." मी मनात भागाकार केला. दिवसाला तीनशे. आमच्याकडे केळीचा माल कापायला येणारा माणूसही तेवढ्यात येत नाही, आणि त्याच्याशी घासाघीस करायला कुणी धजावत नाही. मला लाज वाटली. तिने पुस्तिकेचाही हिशेब सांगितला: दोनशे प्रती छापल्या, सगळ्या खपल्या तरी छपाई आणि टेबलाचे भाडे वजा जाता हाती उरते ते गाडीभाड्यात जाते. मूळ पाने विकली गेली तरच पुढच्या पुस्तिकेचा कागद येतो. म्हणजे फोल्डरमधला तो कागद हा जोडधंदा नव्हे. सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो.

शेवटी मी सातशे रुपयांचे एकाच चौकटीचे चित्र घेतले. बाकावर बसलेली आजी, मांडीवर पिशवी, मागे वेळापत्रकाचा पुसट फलक. तिने मागे पेन्सिलीने तारीख आणि पुस्तिकेचे पान लिहून दिले. ही गोष्ट जरूर मागून घ्यावी. कुठल्या पुस्तिकेतले, कितवे पान, कधी काढले आणि चित्रकाराची सही, एवढे कागदावर असेल तर पन्नास वर्षांनीही त्याला नाव राहते.

फुकट चित्र मागणे ही आपल्याकडची जुनी खोड. व्यंगचित्रकारांच्या संमेलनांत, 'कार्टूनिस्ट्स कंबाइन'सारख्या संघटनेच्या कार्यक्रमांत चित्रकार हौसेने समोरच्याचे अर्कचित्र काढून देतात. तो त्यांच्या मर्जीचा भाग. टेबलावरचे तसे नसते.

आता माझीच एक चूक सांगतो. मी बारावीत असताना एका प्रदर्शनात एका चित्रकाराने माझे अर्कचित्र काढून दिले होते. ते कायम टिकावे म्हणून मी एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून घेतले. उष्णतेने स्केचपेनची रेषा फुटली, नाकाखाली एक बुडबुडा राहिला, आणि प्लॅस्टिक आता कागद फाडल्याशिवाय निघत नाही. दुकानदाराचा दोष नाही; मीच मागितले ते त्याने दिले. तेव्हा पहिला नियम असा, की मूळ चित्र लॅमिनेट करू नये. दुसरा, चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडते आणि कागदालाही पिवळा करते. चौकट करायचीच तर काच चित्राला टेकू न देता मध्ये पुठ्ठ्याची खिडकी सोडावी, आणि शक्य तर आम्लरहित कागद-पुठ्ठा वापरावा. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल चित्रात उतरून कागद तपकिरी होतो.

आणि आपल्या खानदेशात उन्हाचे काय करायचे? भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसाच्या वर जातो. काळी इंडियन इंक काजळीची असते, ती उन्हाला दाद देत नाही; पण स्केचपेन आणि जलरंग काही वर्षांतच उडतात. म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर चित्र टांगू नये. पावसाळ्यात कसर आणि वाळवी यांची पाळी. पत्र्याची पेटी वाळवीला बरी, पण उन्हाळ्यात ती माळ्यावर तापते; मामाची पेटी मी आता माळ्यावरून काढून मधल्या खोलीतल्या कपाटात ठेवली आहे आणि प्रत्येक दोन चित्रांमध्ये स्वच्छ कागद घातला आहे. फार खर्च येत नाही.

जपणुकीचे थोर उदाहरण पाहायचे तर लांब जायला नको. चाळीसगावला केकी मूस (1912 ते 1989) यांचे घर पाहावे. छायाचित्रकार, चित्रकार, संग्राहक असा हा माणूस वर्षानुवर्षे त्या घराबाहेर फारसा पडला नाही. जे केले आणि जमविले ते तिथेच राहिले, आणि त्यांच्या पश्चात ते जपले गेले, म्हणून आज आपल्याला पाहता येते. उलट टोकाची गोष्ट बेल्जमच्या एर्जे यांची. त्यांनी 1936 साली 'टिनटिन'च्या एका पुस्तकासाठी रंगविलेले मुखपृष्ठ छपाईला महाग पडेल म्हणून नाकारले गेले. तो कागद घडी घालून प्रकाशकाच्या घरी पडून होता. 2021 साली पॅरिसच्या लिलावात त्याला सुमारे 32 लाख युरो आले. घड्या तशाच होत्या. हे वाचून कुणी मेळ्याला पैसे गुंतवायला जाऊ नये, अशी माझी विनंती आहे. सांगायचे ते एवढेच, की तेही चित्र नाकारलेलेच होते.

कायद्याचा भाग थोडा रुक्ष आहे, पण या अंकाशीच त्याचा संबंध आला म्हणून सांगतो. चित्र विकत घेतले म्हणजे कागद आपला झाला. ते छापण्याचा हक्क आपला झाला नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो चित्रकाराकडेच राहतो, आणि त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे वारसांकडे. हक्क द्यायचा तर तसे लेखी, सहीनिशी द्यावे लागते. वर्तमानपत्राच्या पगारी चित्रकाराचे नियम थोडे निराळे आहेत, त्यात शिरत नाही. फारशी ठाऊक नसलेली तरतूद म्हणजे 1994 च्या दुरुस्तीने आलेले कलम 53-अ. मूळ चित्र पुढे दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या रकमेत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळण्याचा हक्क आहे. हा वाटा जास्तीत जास्त दहा टक्के. प्रत्यक्षात किती जण तो मागतात हा प्रश्न वेगळा, पण मागता येतो.

आमच्या संपादक मंडळातील मित्रांनी ही आजी या लेखाच्या माथ्यावर छापू या, असे सुचविले. 'चित्र तुझंच आहे ना?' हा त्यांचा प्रश्न. मी वरील पुराण सांगितले आणि ताईंना पत्र टाकले. अंक छपाईला जाईपर्यंत उत्तर आलेले नाही, म्हणून येथे चित्र नाही. वाचकांनी क्षमा करावी.

मेळ्याहून परत आलो त्या दिवशी मी ते चित्र मामाला दाखविले. त्याने चष्मा काढला, कागद खिडकीशी नेला, आणि न सांगताच तिरका धरला. लुगड्याच्या काठावरच्या पांढऱ्यावरून बोट फिरविले. "इथं हात चुकला व्हता तिचा," म्हणाला. मग मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली. किंमत त्याने विचारली नाही. मी मात्र विचारले, की पेटीतले एखादे चित्र मला विकत देशील का. तो म्हणाला, "ते नापास झालेले आहेत रे, ते काय घेतो?" मी म्हटले, मला त्यांतलेच हवे आहे, तो वधूवरांच्या सायकलचा आहे ना, तो. बराच वेळ तो काही बोलला नाही. त्या चित्राच्या मागे आता त्याची सही आहे आणि 1983 असे साल आहे. किंमत अजून ठरायची आहे.

मी निघालो तेव्हा दारातून त्याने हाक मारली. "पुढच्या खेपेला गेला तं तिला विचारून ये, निब कोणती वापरते."